पालथा पेला, वाढलेली बांगडी

माझ्या आजीच्या कोल्हापुरातल्या घरात काही फुटत नसे, तुटत नसे, संपत नसे. बांगडी वाढायची. मंगळसूत्र वाढायचं. करंड्यातलं कुंकू तळाला गेलं की तेही वाढायचं आणि मला पैसे देऊन महाद्वार रोडला पिटाळलं जायचं. देवासमोरचा दिवा विझत नसे, शांत होत असे. सात-आठ वर्षांचा असताना माझ्या हातून चहाचा कप पडला. शिकवणीला जागून मी वर्दी दिली, 'आजी, कप वाढला.' पाठीत धपाटा बसला. 'कप कुठं वाढतोय रे? फुटला म्हण की.'

म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तू एका पंक्तीला बसत नव्हत्या. काही नुसत्याच होत्या, आणि काहींचं नाव घेताना जीभ जपावी लागे. बांगडीकडे बोट दाखवून 'हे सौभाग्याचं प्रतीक' असं आजीनं कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, कारण ते क्रियापदातच बसलेलं होतं.

चित्रातल्या वस्तूंच्या अर्थाबद्दलची पुस्तकं वाचताना मला हा धपाटा आठवतो. त्या पुस्तकांच्या शेवटी बहुधा एक यादी असते. कवटी म्हणजे मृत्यू, विझलेली वात म्हणजे सरलेलं आयुष्य, शंख म्हणजे श्रीमंतीचा हव्यास, पुस्तक म्हणजे विद्येचा गर्व. यादी खोटी नसते. पण 'बांगडी बरोबर सौभाग्य' एवढं पाठ करून जसं आजीच्या घरात वावरता आलं नसतं, तसं ती यादी घोकून चित्रही कळत नाही. त्या घरात कोणती गोष्ट मोठ्यानं बोलत नसत, हे कळावं लागतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांची वस्तू मांडून काढायच्या या चित्रप्रकाराशी पहिली गाठ परीक्षेत पडते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षेत एलिमेंटरीला 'वस्तुचित्र' असतं आणि इंटरमिजिएटला 'स्थिरचित्र'. हायस्कूलच्या हॉलमध्ये स्टुलावर पितळी तांब्या, त्याला टेकून दोन वांगी, पुढे एक कांदा, मागे चुण्या पाडून टांगलेलं निळं कापड. भोवती अर्धवर्तुळात आपण, मांडीवर बोर्ड. ज्याला कडेची जागा मिळाली त्याला कांदा दिसतच नाही. त्यानं तो काढायचाही नाही, कारण दिसतं तेच काढायचं हा नियम. सर मागून फिरत सांगायचे, डोळे बारीक कर. उजेड कुठून येतोय ते आधी ठरव. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ बघ, बुडाचं त्यापेक्षा जास्त फुगीर येणार. पडछाया काळी नको, तिच्यात कापडाचा निळा आला पाहिजे. तांब्याच्या पोटात खिडकी दिसत असेल तर तेवढा कागद कोरा सोड.

ही शिकवण उत्तम होती. आजही मी कुठल्याही भांड्याकडे बघताना आधी लंबवर्तुळ शोधतो. पण तांब्याच का, वांगीच का, हे ना सरांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. तांब्या चकाकतो म्हणून, वांगं जांभळं म्हणून, कांद्याला पापुद्रे म्हणून. या परीक्षेचं मूळ ब्रिटिश अमदानीतल्या कलाशिक्षणात आहे. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल सुरू झालं ते मुख्यतः इथल्या कारागिरांच्या डोळ्याला आणि हाताला वळण लावावं म्हणून. त्या अभ्यासक्रमात वस्तू म्हणजे घनाकार होता: घागर म्हणजे गोल, वीट म्हणजे इष्टिकाचिती, गाजर म्हणजे शंकू. घागरीला घरी काय म्हणतात, ती कोण कोणाच्या विहिरीवर भरू शकतं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

आता त्याच तांब्या-कांद्याचे हॉलंडमधले चुलतभाऊ बघू.

आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये पीटर क्लासचं १६२७ सालचं एक चित्र आहे. टेबलावर टर्कीचा 'पाई' म्हणजे मांस भरून भाजलेला मोठा थोरला पदार्थ. त्यावर पिसांसकट खरी टर्की सजवून बसवलेली. शेजारी कालवं, ऑलिव्ह, पाव, अर्धवट सोललेलं लिंबू, चिनी मातीच्या वाडग्यात फळं, शिंपल्याचा कोरीव पेला. आणि या सगळ्या थाटात, टेबलाच्या कडेला, कागदाची पुडी. छापील पंचांगाचं पान फाडून, शंकूसारखं वळून त्यात मिरी बांधलेली. आपल्या किराणा दुकानदारानं जिरं द्यावं तशीच.

ही पुडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हसलो. लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून असल्या पुड्या मीही आणल्या आहेत. गूळ खाल्ल्यावर कागदावरचं भविष्य वाचलं आहे. मग जाणवलं की ती मिरी हॉलंडमध्ये पिकत नाही. त्या काळी डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडे मसाल्यासाठी येत होती, आणि त्याच सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सह्याद्री उतरून गेलं की लागणाऱ्या वेंगुर्ल्याला वखार घातली. वखारीचे पडके अवशेष तिथं अजून आहेत. डच माणसाला या चित्रात दूरच्या समुद्रावरचं धाडस आणि घरातली सुबत्ता दोन्ही दिसत असणार. आणि पुडीचा कागद पंचांगाचा, म्हणजे सरून गेलेल्या दिवसांचा. क्लासनं हे मुद्दाम योजलं की त्याच्या घरातही रद्दी तशीच वापरत, हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही एकदम खरं असायला हरकत नसावी.

याच क्लासनं पुढच्या वर्षी, १६२८ मध्ये, एक वेगळंच टेबल मांडलं. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये आहे. पालथा पडलेला काचेचा पेला, दात पडलेली कवटी, लिहून ठेवून दिलेलं पीस, आणि नुकतीच विझलेली दिव्याची वात. अशा चित्रांना 'व्हॅनिटास' म्हणतात. बायबलच्या उपदेशक या पुस्तकातल्या, सगळं व्यर्थ आहे या विचारावरून. लायडन या विद्यापीठाच्या शहरात त्यांना फार मागणी होती. त्याच शहरात शिकलेल्या हार्मेन स्टीनवाइकनं १६४०च्या सुमारास काढलेलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र तर नमुना म्हणून दाखवतात: कवटीवर पडलेला तिरपा कवडसा, जपानी तलवार, ल्यूट, बासरी, पुस्तकं, खिशातलं घड्याळ, मोठा शंख, विझलेला दिवा.

माझ्या आजीला हे चित्र दाखवलं असतं तर ती शंखापाशी थांबली असती. देवघरातला शंख कवटीशेजारी? आणि दिवा विझवून ठेवलाय, वर त्याचं चित्र काढून भिंतीला लावलंय? डच घरमालकाला विझलेली वात रोज समोर हवी होती, कारण मरण आठवत राहणं हा त्याच्या धर्माचा भाग होता. आमच्याकडे ती गोष्ट जिभेवर येऊ नये म्हणून क्रियापदं बदलली गेली. मरणाचा धाक दोन्ही घरांत सारखाच; एकानं तो भिंतीवर टांगला, दुसऱ्यानं भाषेत झाकला. जिथं दिवा विझला असं म्हणायचीच बंदी, तिथं व्हॅनिटासचा चित्रकार निपजणार कसा? आपल्याकडचं दिव्याचं सगळ्यांत लाडकं चित्र आठवून बघा: सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ मध्ये काढलेली, एका हातात समई आणि दुसरा तळवा ज्योतीपुढे धरलेली तरुणी. बोटांच्या फटींतून प्रकाश तांबूस झिरपतो. जलरंगात काढलेलं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते राजा रविवर्म्याचं समजणारे लोक अजून भेटतात. चित्रासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी. पुढे ती कोल्हापुरात राहिली आणि २०१८ मध्ये शंभरी ओलांडून गेली. इथं दिव्याला वारा लागू नये एवढीच चित्रातली सगळी घटना आहे.

डच जेवणाच्या टेबलांची आणखी एक गंमत. ती टेबलं बहुतेक वेळा अर्धवट खाल्लेली असतात. पाव तोडलेला, सुरी कडेवर लोंबणारी, ताट टेबलाच्या बाहेर डोकावणारं, खाणारा उठून गेलेला. कलेचे अभ्यासक म्हणतात, थांबलेला काळ. मराठी डोळ्याला पहिल्यांदा दिसतं ते उष्टं. कुणीतरी उष्टं पान तसंच टाकून गेलंय, खरकटं काढलेलं नाही. उष्ट्याला आपल्याकडे इतके नियम आहेत, कुणी कुणाचं खावं, कुणी काढावं, कुणाला ते मिळावं, की त्या टेबलाकडे आपण निव्वळ छायाप्रकाश म्हणून बघूच शकत नाही. एका परीनं हे बरंच आहे. त्या ताटाशी काहीतरी बिनसलंय ही जाणीव आपल्याला ताबडतोब होते, आणि चित्रकारालाही तीच हवी होती. फक्त आपण तिथं वेगळ्या दारानं पोचतो.

लिंबाचं तर विचारूच नका. विलेम हेडाच्या चित्रांत लिंबाची साल सुरीनं सोडवत आणलेली असते, टेबलाच्या कडेवरून वळसे घेत खाली लोंबते. काही जण सांगतात, दिसायला सुंदर आणि चवीला आंबट, तसा हा संसार. काही जण म्हणतात, लिंबू महाग होतं, दक्षिणेकडून यायचं, म्हणून ते श्रीमंतीचं. मला वाटतं, चित्रकाराला त्या सालीच्या आतला पांढरा कापसासारखा थर आणि बाहेरची छिद्रं एकाच वळशात दाखवून शेजारच्या चित्रकाराची जिरवायची होती. आता हेच लिंबू अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरातल्या एखाद्या तिकटीवर ठेवा. अर्धं चिरलेलं, कुंकू लावलेलं. शिकलेला, पुरोगामी, अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूससुद्धा गाडीचं चाक हातभर बाजूनं घेतो. शेजारच्या दुकानाच्या दारावर तेच लिंबू सात मिरच्यांत ओवून रखवालदार म्हणून टांगलेलं असतं, आणि समोरच्या हॉटेलात तांबड्या रश्श्याच्या ताटात तेच फोड होऊन येतं. तिथं त्याला काहीही अर्थ नसतो, आंबटपणा सोडून.

डच चित्रांबद्दल याच मुद्द्यावर अभ्यासकांची मोठी जुंपली होती. एडी द योंग यांनी १९७६ मध्ये आम्सटरडॅमला एक प्रदर्शन भरवून दाखवलं की त्या काळच्या बोधचित्रांच्या आणि म्हणींच्या पुस्तकांशी ताडून पाहिलं तर साध्या दिसणाऱ्या चित्रांतून उपदेश सापडतात. १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी उलट बाजू मांडली: डच माणसाला जग बघण्याची, मोजण्याची, नोंदवण्याची हौस होती, प्रत्येक ऑयस्टरमागे प्रवचन शोधू नका. माझा कल थोडा आल्पर्सबाईंकडे आहे, पण तिकटीवरचं लिंबू मला पूर्णपणे तिकडे जाऊ देत नाही.

आणि चित्रकार स्वतः? अँटवर्पच्या क्लारा पीटर्स या बाईंनी सोनेरी पेल्यांच्या फुगीर टेंगळांत आणि कथिलाच्या सुरईच्या झाकणावर स्वतःची इवलीइवली प्रतिबिंबं रंगवून ठेवली आहेत. १६१२च्या एका चित्रात ती एकापेक्षा जास्त वेळा, डोळे जवळ नेल्यावर दिसते. आम्हाला तांब्याच्या पोटात खिडकी सोडायला शिकवलं होतं. त्या खिडकीपुढे आम्हीही बसलेलो होतो, हे ध्यानातच आलं नाही.

कोल्हापूरचा या परंपरेशी एक जुना, जवळजवळ विसरलेला धागा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला, आणि त्यात रोमन जगातून आलेल्या वस्तू निघाल्या: सागरदेव पोसायडनची वीतभर मूर्ती, सुरई, आरसा. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन अजून उभा आहे. शाळेच्या सहली त्याच्यासमोरून तोफांकडे धावतात. साधारण त्या वस्तूंच्याच काळात इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत, भिंतींवर फळांनी भरलेली काचेची वाडगी, अंडी, पक्षी, पाण्याच्या सुरया रंगवलेल्या होत्या. व्हिट्रुव्हियस हा वास्तुशास्त्रज्ञ सांगतो की पाहुण्याला पहिल्या दिवशी पंक्तीला बोलवत आणि मग त्यानं आपलं आपण रांधून खावं म्हणून कोंबड्या, अंडी, भाज्या, फळं पाठवत; त्याची चित्रं ती 'झेनिया'. इंग्रजीत याचं भाषांतर करताना लोक अडखळतात. मराठीत शब्द तयार आहे: शिधा. यजमानाच्या भिंतीवर रंगवलेला शिधा म्हणजे या घरातून कुणी रित्या हातानं जात नाही, अशी पाटीच. ब्रह्मपुरीवर ज्याच्या घरी ती परदेशी सुरई होती, त्याला ती भिंत दाखवली असती तर तो लगेच समजला असता.

मग कोल्हापूरच्या चित्रकारांनी वस्तूंना बोलतं का केलं नाही? कलापूर म्हणवणाऱ्या या गावाचा जीव निसर्गात आणि माणसांच्या चेहऱ्यांत अडकला. शाहू महाराजांच्या पदरी असलेले आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहिले, तिथलं पाणी, झाडं, संध्यामठ, रंकाळा रंगवत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात बुडवली, अशी कथा गावात सांगतात. १८६७ मध्ये कोल्हापुरातच जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे.त गेले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यांना माणसांची गर्दी, लग्नं, बाजार यांत रस. चंद्रकांत मांडरे सिनेमाचा मेकअप उतरवून निसर्गाकडे वळले. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतनमधून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी सुरेख स्थिरचित्रं काढत बाहेर पडले आणि बाहेर पडताच थांबले. तो सरावाचा प्रकार ठरला, तबलजीच्या कायद्यासारखा.

दुसरं कारण मला अधिक पटतं. वस्तूंची मांडणी करून त्यांना बोलायला लावणं हे काम इथं चित्रकाराकडे नव्हतंच. ते घरातल्या बाईकडे होतं. संक्रांतीची सुगडं आठवा: कुंभारवाड्यातून आणलेले छोटे काळे-तांबडे घट, गळ्याला दोरा, अंगावर हळदकुंकवाची बोटं, आत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची करवं, गाजर, गव्हाच्या ओंब्या. यापेक्षा देखणं स्थिरचित्र मी पाहिलेलं नाही, आणि ते दरवर्षी नवं मांडून मोडलं जातं. दिवाळीला केरसुणी विकत आणतात तेव्हा तिला लक्ष्मी म्हणतात, हळदकुंकू वाहतात. एरवीसुद्धा तिला पाय लागला की हात जोडतात. पूजेत मूर्ती नसेल तर सुपारी गणपती होते. पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी, एवढ्यावर ती मूर्ती होते आणि विसर्जनाच्या अक्षता पडल्या की पुन्हा सुपारी होते. चित्रकार याहून जास्त काय करणार होता?

दगडातसुद्धा हे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवळांभोवती वीरगळ आणि सतीशिळा पडलेल्या असतात. सतीशिळेवर बहुतेक वेळा बाई नसतेच. कोपरात वाकवून वर उभारलेला नुसता हात असतो, त्यात बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. बांगड्या शाबूत आहेत, एवढंच दगडाला सांगायचं आहे. आजीचं 'बांगडी वाढली' हे क्रियापद किती जुन्या आणि किती भयंकर भीतीपोटी आलं होतं, ते मला त्या हातासमोर उभं राहिल्यावर कळलं. त्यानंतर मी त्या शब्दाकडे नुसत्या कौतुकानं बघू शकलो नाही.

चित्रकारांकडून सुटलेला हा धागा कोल्हापुरात कॅमेऱ्यानं उचलला. बाबूराव पेंटर आणि नात्यानं त्यांचे भाऊ लागणारे आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. आनंदराव १९१६ मध्ये गेले; बाबूरावांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट आहे; ज्यांनी तो मूकपट पाहिला त्यांच्या आठवणीत राहिली ती अंधारलेली झोपडी आणि तिच्यापाशी रडणारं कुत्रं. माणूस चौकटीत नसताना घरानं बोलायचं, हे पडदे रंगवून रंगवून बाबूरावांना कळलेलं होतं. त्या चित्रपटात शेतकरी झालेला पोरगा म्हणजे शांताराम वणकुद्रे. त्यानं चौघा सोबत्यांबरोबर १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि १९३७ मध्ये 'कुंकू' आला. मूळ कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांचीच, 'सावकारी पाश'प्रमाणे. पार्श्वसंगीत नाही, घरातले खरे आवाज तेवढे. आरशासमोर स्वतःचं वय पाहणारा म्हातारा नवरा, भिंतीवरचं घड्याळ, फुटलेला आरसा, आणि नावातच असलेली करंड्यातली लाल पूड. आरसा, घड्याळ, वेळ: व्हॅनिटासच्या टेबलावरचाच ऐवज. फरक असा की लायडनमध्ये तो सगळ्या माणसांना मरणाची आठवण देतो, आणि इथं एका पुरुषाला सांगतो की तुझ्या वयाचा भार दुसऱ्या एका मुलीच्या कपाळावर लादू नकोस. वस्तू त्याच राहून त्यांना सामाजिक भांडण करायला लावलं, हे मला कोल्हापूरच्या शाळेचं मोठं काम वाटतं.

कॅनव्हासवर हे घडायला प्रभाकर बरवे यावे लागले. नागावला १९३६ मध्ये जन्मलेल्या बरव्यांनी घड्याळ, पान, फळ, टाचणी असल्या वस्तू घेतल्या आणि खालचं टेबलच काढून टाकलं. चुण्यांचं कापड नाही, नेमून दिलेला उजेड नाही. वस्तू रिकाम्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून असतात, आणि ते अंतर वाचावं लागतं. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं १९९०चं पुस्तक इंटरमिजिएट झालेल्या प्रत्येकानं परीक्षेनंतर वाचावं, आधी नको.

आता चप्पल. व्हॅन गॉगनं १८८६ मध्ये काढलेल्या झिजक्या बुटांवर तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरनं लिहिलं की त्यांत शेतकरी बाईचं सगळं जगणं आहे. १९६८ मध्ये मायर शापिरो या कला-इतिहासकारानं म्हटलं, कसली शेतकरीण, ते चित्रकाराचे स्वतःचे बूट आहेत. एका बुटाच्या जोडीवरून इतका वाद होऊ शकतो हे कोल्हापूरकराला नवल वाटू नये. आपल्याकडे दारातल्या चपला बघून आत कोण आलंय ते ओळखतात; कापशी असेल तर एक, प्लास्टिकची असेल तर दुसरं. तीच पायताणं नृसिंहवाडीला पादुका होऊन गाभाऱ्यात असतात आणि लोक त्यांवर डोकं ठेवतात. आणि याच मुलखात, वरच्या आळीतून जाताना चप्पल काढून हातात घ्यावी लागणारी माणसंही होती. बहुतेक वेळा ती चप्पल शिवणारी. २०२५च्या जूनमध्ये एका इटालियन कंपनीनं मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखीच चप्पल चालवली, तेव्हा इथला आरडाओरडा श्रेय आणि पैशाबद्दल झाला. तो रास्तच होता. पण मंचावरच्या त्या जोडीत करकर नव्हती, उंबरठा नव्हता, हातात घेऊन चाललेली ती वाटही नव्हती. तिथं ती फक्त चामडं आणि आकार होती, आमच्या स्टुलावरच्या तांब्यासारखी.

शेवटी तो कप, जो वाढत नाही, फुटतो.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. एका अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज यायचे. खडखड्यातून जाताना भर रस्त्यात गाडी थांबवायचे आणि चहा मागवायचे, बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे त्यांचे हुकूम १९१९ मध्ये निघाले. पण हुकूम कागदावर असतो आणि कप ओठाला लागतो. ज्या काळात गावोगावच्या हॉटेलांत काही माणसांसाठी वेगळा कप बाहेर खुंटीला अडकवलेला असे, त्या काळातला हा कप. त्याला सौभाग्य नव्हतं, देवपण नव्हतं, माझ्या आजीच्या शब्दकोशात त्याला वेगळं क्रियापद नव्हतं.

कपबशी रेखाकला परीक्षेच्या सरावात नेहमी असते. कानाचा आकार अवघड जातो म्हणून मुद्दाम ठेवतात. मला ते भाऊसिंगजी रोडवरचं चित्र काढायचं झालं तर मी महाराज काढणार नाही, गंगारामही नाही, खडखड्याचे घोडेही नाहीत. फळकुटाचं टेबल, त्यावर दोन कप. एक रिकामा करून ठेवलेला. दुसरा, बरोबर आलेल्या एखाद्या सरदारापुढचा, काठोकाठ भरलेला, अजून न उचललेला, आणि त्यावर हळूहळू धरत चाललेली साय.